जुना बुश, गंजलेला बोल्ट

मोटारीच्या सस्पेन्शनमध्ये बुश नावाचा एक गरीब जीव असतो. आत पोलादी नळी, बाहेर पातळ कडं, मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. रस्त्याचे हादरे हे रबर सोसतं. वीस-पंचवीस वर्षांत त्याला चिरा पडतात, चाक जागेवरून हलू लागतं आणि वळणावर गाडी ऐकेनाशी होते.

माझ्या भाच्याकडे 1994 ची माझदा एमएक्स-5 आहे. दोन सीट, उघडं छप्पर, चारही चाकांना डबल विशबोन. गाडी त्याच्या अब्बांची. ते आता नाहीत. यंदा एमओटीत, म्हणजे इंग्लंडमधल्या वार्षिक तपासणीत, ती मागच्या बुशांमुळे नापास झाली. गॅरेजवाला म्हणाला, मजुरी गाडीच्या किमतीवर जाईल, सुट्या भागांसाठी विकून टाका. रात्री भाच्याचा फोन आला : "मामू, आपण काढू या का?"

रबराचं एक वेळ ठीक, खरा त्रास बोल्टचा. इथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. मागच्या चाकाच्या तळाशी आडवा जाणारा लांब बोल्ट त्या मिठाने बुशच्या नळीत गंजून एकजीव होतो. आठवडाभर आम्ही रोज गंज सोडवणारं तेल मारलं. डावीकडचा निघाला. उजवीकडे नट सुटला, पण बोल्ट नळीला घेऊनच फिरायचा आणि पिळलेलं रबर त्याला परत मागे आणायचं. शेवटी फटीत करवत घालून तो कापला. नवा बोल्ट आधीच मागवला होता. नाहीतर गाडी महिनाभर जॅकवर राहते.

आर्मच्या आतल्या टोकाच्या बोल्टांवर केंद्र सोडून बसवलेल्या चकत्या असतात. चाकाचा कोन त्यांच्यावर ठरतो. ढिल्या करण्याआधी पांढऱ्या रंगाने खूण केली.

पुष्कळ जण जुनं रबर जाळून काढतात. तो काळा, विषारी धूर भिंतीला भिंत लागलेल्या घरांत करायचा म्हणजे शेजाऱ्याच्या हक्कावर पाय देणं. आम्ही ड्रिलने रबर पोखरलं, नळी बाहेर ठोकली, मग बाहेरच्या कड्याला आतून करवतीने चीर पाडली. चीर आर्ममध्ये उतरली तर आर्म वाया. म्हणून भाचा कापायचा, मी टॉर्च धरायचो. कडं आत दुमडलं की निघतं. नवे बुश आटे पाडलेला लांब रॉड आणि दोन गोट्या वापरून दाबून बसवले.

पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात म्हणतात, पण ग्रीस सुकलं की कुरकुरतात. आम्ही रबराचेच घेतले. रबर दोन्ही बाजूंनी चिकटलेलं असतं; चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून चारही चाकं रॅम्पवर टेकवली, भाच्याला वजनासाठी आत बसवलं आणि मी पाना घेऊन खाली शिरलो.

"मामू, किती वेळ बसू?"

"शेवटचा नट होईपर्यंत."

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट केली. गुरुवारी गाडी पास झाली.