करंजीच्या शेजारी मामूल

फुलपाडा, विरार (पूर्व)
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय ताई,


भावोजींच्या मित्रांनी तुझी पिशवी काल घरी आणून दिली. लाकडी साचे तिन्ही नीट पोहोचले, खलास खजुराचा डबा पोहोचला, महलबची पुडीही पोहोचली. चिठ्ठीत तू लिहिलंस, ‘साचे मागितलेस म्हणून पाठवते, पण घरी एवढा पसारा कशाला? शारजात कुठल्याही दुकानात मामूलचे डबे मिळतात, म्हणशील तेवढे पाठवीन.’ आणि खाली एक ओळ, ‘मी तर करंज्याही आता विकतच आणते.’ या दोन वाक्यांना उत्तर द्यावं म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

ताई, सारण भरून भट्टीत भाजलेला हा रव्याचा मामूल घरीच करायचा पदार्थ आहे. दुकानातला वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. पण तो ज्या कारणासाठी जन्माला आला, ते कारण डब्यातून येत नाही. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइनमध्ये रमझान ईद आणि बकरी ईदच्या आधी घरोघरच्या बायका मामूल करायला एकत्र बसतात. तिथल्याच ख्रिस्ती घरांत चाळीस दिवसांचा उपासकाळ संपत आला की ईस्टरसाठी मामूल होतो. सीरियातून गेलेल्या ज्यू कुटुंबांत तो पुरीमला करतात. धर्म तीन, सण वेगळे, पण गरज एकच: सणाच्या दिवशी दारात येईल त्याच्या हातावर काहीतरी ठेवता आलं पाहिजे. त्यासाठी पदार्थ आधी करून ठेवता यावा, आठ-पंधरा दिवस टिकावा, आणि शेजारी ताट पाठवताना फुटू नये. आपला दिवाळीचा फराळ याच गरजेतून आला आहे. म्हणून मामूल मला कधी परका वाटला नाही.

आता कृतीचं सांगते, कारण तू ती वाचून करावीस अशी माझी इच्छा आहे. अर्धा किलो रवा असेल तर पाव किलो तूप. त्यातला शंभर ग्रॅम रवा काढून तेवढा मैदा घातला तर वळायला सोपं जातं. आपल्या करंजीच्या मोहनापेक्षा हे तूप कितीतरी जास्त आहे. ते पातळ करून रव्यावर ओतायचं आणि दोन्ही तळव्यांत रवा चोळत राहायचं, कणाकणाला तूप लागेपर्यंत. मूठ वळली तर गोळा राहतो आणि बोटाने दाबला तर मोडतो, इथे थांबायचं. मग झाकून रात्रभर ठेवायचं. रव्याचा कण कठीण असतो. तो सावकाश तूप पितो आणि सकाळपर्यंत मऊ होतो. ही रात्र वाचवायला गेलं तर मामूल दाताखाली कचकचतो.

सकाळी गुलाबपाणी आणि थोडं साधं पाणी शिंपडत पीठ गोळा करायचं. लक्षात ठेव, मळायचं नाही. करंजीची पारी आपण दुधात भिजवून कुटतो, कारण ती पातळ लाटायची आणि मुरड घालताना ताणायची असते. त्यासाठी पिठात चिवटपणा लागतो. मामूलमध्ये तो चिवटपणाच नको असतो. कणाला आधी तूप लागलेलं असलं की पाणी आत सहज पोहोचत नाही आणि पीठ चिकट होत नाही. म्हणूनच तो तोंडात घातला की विरघळतो. तूप घेण्याचं कारणही हेच. लोण्यात पाण्याचा अंश असतो, तुपात नसतो. पाणी किती द्यायचं ते मग आपल्या हातात राहतं. शाम, म्हणजे सीरिया-लेबनॉनकडच्या सुगरणीही ‘सम्ने’ म्हणजे तूपच वापरतात.

पिठात साखर नावापुरती, चमचा-दोन चमचे. गोडी सगळी सारणात. मला या पदार्थातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते. वरचं कवच फक्त तूप, रवा आणि सुगंध देतं, आणि मध्याशी पोहोचल्यावर खजूर भेटतो. महलब मी पाव चमचाच घातला. रानटी चेरीच्या बीतला तो गर कडवट बदामासारखा दरवळतो आणि जास्त झाला तर खरंच कडू लागतो. तो नसेल तर वेलची आणि किंचित जायफळ घालावं, आपल्या हाताला ते ओळखीचं आहे.

सारणाचं तर काही शिकावंच लागत नाही. खजुराच्या बिया काढून, चमचाभर तुपावर मंद आचेवर परतून, घोटून लगदा करायचा. थोडी दालचिनी. अक्रोडाचं सारण जाडसर कुटलेलं, साखर आणि गुलाबपाण्याने जेमतेम ओलं. पिस्त्याचंही तसंच. पण मी इथे एक चौथं सारण केलं, ते तुला कळवायलाच हवं. आगाशी-वसईकडची सुकेळी आणली. राजेळी केळी पिकल्यावर सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी गडद आणि चिकट होतात. ही सुकेळी बारीक चिरून तुपावर परतली, वेलची घातली, तर खजुराच्या लगद्याइतकंच घट्ट सारण तयार झालं. चव मात्र पूर्णपणे आपल्या किनाऱ्याची. सुकेळी करणारी घरं आता कमी राहिली आहेत. एका परक्या साच्यात का होईना सुकेळीला नवी जागा मिळाली, याचं मला फार समाधान वाटतं.

पाठवलेल्या साच्यांचे आकार तीन आहेत, ते उगीच नाहीत हे तुला तिथे कुणी सांगितलंय का? बहुतेक घरांत गोल चपटा साचा खजुरासाठी, घुमटासारखा उंच अक्रोडासाठी आणि लांबट पिस्त्यासाठी. वरची नक्षी पाहूनच ताटातून कोणता उचलायचा ते पाहुण्याला कळतं. अक्रोड-पिस्त्याच्या मामूलवर गार झाल्यावर पिठीसाखर भुरभुरतात, खजुराचा तसाच ठेवतात. लिंबाहून लहान गोळी घ्यायची, अंगठ्याने वाटी करायची, सारण ठेवून तोंड बंद करायचं. मोदकाची पारी करणाऱ्या हाताला हे सांगायला नको. मग साच्यात हलकेच दाबून, साच्याची कड ओट्यावर आपटायची. एका ठोक्यात मामूल तळहातावर. साचा नसलेल्या घरांत ‘मलकत’ नावाच्या छोट्या चिमट्याने वरून चिमटे काढून नक्षी करतात. आपल्या मुरडीचीच ती वेगळी तऱ्हा.

भाजण्याबद्दल एकच गोष्ट. ओटीजी आधी दोनशे अंशांवर नीट तापू दे. भट्टी थंड असली तर वरचं कवच धरण्याआधीच तूप वितळतं आणि नक्षी पसरून जाते. पंधरा मिनिटांच्या आसपास तळ बदामी होतो, वरचा भाग मात्र फिकाच राहायला हवा. बाहेर काढल्यावर तो इतका मऊ असतो की उचलला तर मोडेल. ट्रेमध्येच गार होऊ द्यायचा. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरायचा, आणि खरी चव दुसऱ्या दिवशी.

तुला आठवतं, मे महिन्यात आई रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा डब्यांत भरून नानकटाई करायला भट्टीवर जायची? आपण दोघी मागून पत्र्याचे रिकामे डबे घेऊन. तिथे आळीतल्या सगळ्या बायका आपापला नंबर धरून बसलेल्या असायच्या. शामकडच्या गावांतही घरात भट्टी नसायची. मामूलचे ट्रे डोक्यावर घेऊन मोहल्ल्याच्या ‘फुर्न’वर, म्हणजे भट्टीवर, जायचे आणि प्रत्येक घर आपला ट्रे ओळखण्यासाठी खूण करायचं. इतक्या दूरच्या दोन मुलखांत सण करण्याची रीत अशी सारखी निघावी, याचं मला आश्चर्य वाटत नाही. आनंद वाटतो. एकटीच्या चुलीवर न मावणारा पदार्थच माणसांना एकत्र बसवतो.

ही परंपरा किती जुनी, म्हणून मी थोडं वाचलं. १२२६ साली बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने ‘किताब अल-तबीख’ नावाचा पाकग्रंथ लिहिला. त्यात तिळाच्या तेलात मळलेल्या पिठात बदाम-साखर-गुलाबपाण्याचं सारण भरून भट्टीत भाजायचा ‘खुश्कनानज’ नावाचा पदार्थ आहे. मामूलचं घराणं तिथपर्यंत तरी मागे जातं. त्याच्याही आधी कैरोच्या फातिमी खलिफांनी ईदची मिठाई करण्यासाठी ‘दार अल-फित्रा’ नावाची वेगळी इमारतच उभारली होती. तिथे झालेली मिठाई वाटली जाई. राजाची भट्टीसुद्धा वाटण्यासाठीच होती.

आणि अरबांचा आपल्याशी संबंध काही तुझ्या-भावोजींच्या नोकरीपासून सुरू झालेला नाही. फुलपाड्याहून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर सोपाऱ्याचं जुनं बंदर आहे. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी चौलला येऊन गेला, त्याने आपल्या ग्रंथात सोपाऱ्याचं आणि ठाण्याचं नाव लिहून ठेवलं आहे. त्याहून ठोस पुरावा आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. तिथल्या ताम्रपटांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाणच्या मुलखावर एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं आहे, ते मूळचं मुहम्मद असावं असं अभ्यासक मानतात. या अरब माणसाने भगवतीच्या मठासाठी जमीन दिली, नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, आणि अन्नछत्र घातलं, जिथे येणाऱ्याला भात, कालवण आणि तूप मिळे. अकराशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर एका अरबाने वाटसरूंना तूपभात वाढला. त्या तांब्याच्या पत्र्यावर अन्नदानाची आठवण कोरून ठेवावीशी वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता आमच्या मजल्याचं सांगते. तू गेलीस तेव्हाचा फुलपाडा राहिला नाही. पापडखिंडीच्या धरणाकडे जाताना दोन्ही बाजूंना इमारती, आणि त्यांत कोकणातून, घाटावरून, मुंबईच्या चाळींतून, उत्तरेकडून आलेली माणसं. पहाटे अंधारात लोकलसाठी निघतात, रात्री येऊन दार लावतात. एकाच जिन्यावर वर्षानुवर्षं राहून एकमेकींच्या घरात न गेलेल्या बायका मला माहीत आहेत. यांना वाईट म्हणता येत नाही. त्यांच्याकडे वेळ नाही, आणि एकत्र बसायला निमित्तही नाही. फराळ विकत आणायला लागल्यापासून जे निमित्त होतं तेही गेलं. पूर्वी करंज्या करायला आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असं चालायचं. एक लाटणार, एक भरणार, एक कातणार, एक तळणार. विकतच्या करंजीने पोट भरतं, पण ती चार जणींची बैठक पुडक्यातून येत नाही.

म्हणून आज सकाळी मी दार उघडं ठेवून रवा घेऊन बसले. समोरच्या काकू आल्या, त्यांना करंजीचा हात आहे. खालच्या मजल्यावरच्या चाची आल्या. त्यांनी आधी पिठाची मूठ दाबून पाहिली आणि तूप अजून हवं म्हणाल्या, ते बरोबर होतं. वसईच्या एक आजी आमच्या इमारतीत लेकीकडे राहतात, नाताळच्या नेवऱ्यांची त्यांची बोटं इतकी सराईत की साच्याशिवायच त्यांनी काठाला बारीक दुमड घातली. चाचींनी विचारलं, हे ईदला करता येईल का. आजी म्हणाल्या, ईस्टरला मी करीन. काकूंना लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायचे आहेत. मी सगळ्यांना हो म्हटलं, कारण तिघींचंही खरं आहे. ट्रे भट्टीत गेल्यावर कुणी उठलं नाही. कुणाची लेक कुठे शिकते, कुणाचा गुडघा दुखतो, हे मला या इमारतीत इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं.

ताई, करंजीच्या जागी मामूल करावा असं मी म्हणत नाही. करंजी राहणारच, तिच्याशिवाय आपली दिवाळी नाही. मामूल तिच्या शेजारी बसेल. पण दोन्ही घरी व्हावीत, आणि एकटीने नव्हे, एवढाच माझा हट्ट आहे. तुझ्या शेजारी दमास्कसचं कुटुंब राहतं असं तू लिहिलं होतंस. त्यांच्या घरातल्या मावशींचं गाव युद्धात किती बदललं असेल, त्यांच्या माणसांपैकी कोण कुठे गेलं असेल, हे आपण बातम्यांत वाचलं आहे. अशा बाईला कुणी ‘तुमच्याकडे हे कसं करतात, मला शिकवा’ असं विचारलं, तर तिला काय वाटेल याचा विचार कर. तू त्यांच्याकडे जा. जाताना रवा, तूप आणि करंजीचं कातण घेऊन जा. त्या तुला मामूल शिकवतील, तू त्यांना करंजी शिकव. मुलांनाही बसव, नारळाचं सारण भरायला लहान बोटं चांगली असतात.

माझ्यासाठी तीन गोष्टी त्यांना विचारून कळव. रव्यात त्या खमीर घालतात का, काही घरांत चिमूटभर घालतात असं मी वाचलं आहे. मस्तकीचा डिंक वापरत असतील तर साखरेबरोबर कुटतात की तुपात विरघळवतात. आणि नारिंगीच्या फुलांचं पाणी नेमकं केव्हा घालतात, तूप मुरण्याआधी की नंतर. उत्तरं आली की काकू, चाची, आजी यांना सांगेन. पुढचा घाणा त्याप्रमाणे करायचं आमचं ठरलं आहे.

भाऊबिजेच्या सुमारास तुझ्या ओळखीचं कुणी मुंबईहून निघणार असेल तर कळव. सुकेळीच्या मामूलचा एक डबा तुमच्यासाठी देईन आणि दुसरा त्या दमास्कसच्या मावशींसाठी. त्यांचा त्यांना आधी दे.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी