डब्याची गाडी

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून निघायचं आणि तेविसाव्या मिनिटाला पुण्याच्या वाकडला उतरायचं, अशा हायपरलूप प्रकल्पाला राज्याच्या मंत्रिमंडळानं 2019 साली मान्यता दिली. नळी 117.5 किलोमीटर लांबीची, खर्चाचा अंदाज 70,000 कोटी रुपयांचा. आत हवा जवळजवळ नाही आणि चुंबकाच्या जोरावर अधांतरी धावणारी बंद डबी. त्याच्या आदल्या वर्षी उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन मुंबईत येऊन आपल्या कंपनीतर्फे त्यासाठी करार करून गेले होते. आम्ही मुखेडची माणसं ही बातमी वाचत होतो तेव्हा आमच्या गावाला रेल्वेचा रूळ नव्हता. आजही नाही. गाडी धरायची तर उदगीर गाठायचं नाहीतर नांदेड.

आमच्या वेळी पुणे म्हणजे एक अख्खी रात्र होती. जांब, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डूवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. ही नावं आम्हाला शाळेतल्या कवितेपेक्षा पक्की पाठ. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत जायचा, आणि रुमाल टाकलेली जागा कुणी घेत नसे. कंडक्टर पेन्सिल कानावर ठेवून तिकिटांचा ट्रे उघडायचा आणि पंचचा टकटक आवाज मागच्या बाकापर्यंत ऐकू यायचा. दोरी ओढली की घंटी, एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. येडशीच्या आसपास झोप लागायची, टेंभुर्णीला चहाच्या हाकांनी मोडायची.

आता तिकीट मोबाइलवर येतं आणि आसनाचा क्रमांक घरूनच ठरतो. रुमालाची गरज उरली नाही, धक्काबुक्कीचीही नाही. मार्च 2023 पासून बाईमाणसाला एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे माहेर जवळ आलं. हे सगळं चांगलं झालं.

आणि तेव्हाचं बरंच वाईट होतं, हेही लिहिलं पाहिजे. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या गाडीत लेकरू कडेवर घेऊन उभ्यानं लातूर गाठणाऱ्या बायका आम्ही पाहिल्यात. स्टँडवरच्या मुतारीच्या वासानं पाणी न पिता प्रवास करणाऱ्या आयाबहिणी आमच्याच घरातल्या होत्या. पावसाळ्यात ओढा आला की गाडी अलीकडे आणि माणसं पलीकडे. अडलेली बाई बैलगाडीत ठेवून फाट्यापर्यंत आणायची आणि तिथं एसटीची वाट बघायची. काही जणी त्या फाट्यावरून परत आल्या नाहीत. त्या काळाला सोन्याचा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरी एक गोष्ट गेली ती गेलीच, आणि तिच्यासाठी जीव तुटतो. ती म्हणजे डबा. दहावी झाली की आमच्या भागातली पोरं लातूरला नाहीतर नांदेडला शिकायला जायची. खानावळीचे पैसे परवडायचे नाहीत. मग पहाटे चूल पेटायची, ज्वारीच्या दोन भाकरी, पिठलं किंवा एखादी सुकी भाजी, वर शेंगदाण्याची चटणी, सणावाराला धपाटे. डब्याला फडकं घट्ट बांधायचं आणि झाकणावर रंगानं पोराचं नाव घालायचं. माय तो डबा घेऊन फाट्यावर उभी राहायची. गाडी थांबली की ड्रायव्हरच्या हातात देऊन म्हणायची, "भाऊ, एवढा लेकराचा डबा." ड्रायव्हर तो आपल्या सीटमागे ठेवायचा. तिथं आधीच दहाबारा गावांचे डबे एकमेकांना टेकून बसलेले असायचे.

लातूरच्या स्टँडवर आम्ही पोरं गाडीची वाट बघत उभी असायचो. गाडी लागली की आपापला डबा शोधायचा, कालचा धुतलेला रिकामा डबा त्याच जागी ठेवायचा. रिकाम्या डब्यात कधी चिठ्ठी जायची: फी भरायची आहे, किंवा परीक्षा संपली, येतोय. उलट दिशेनं कधी भाकरीच्या घडीत नोट यायची. एखाद्याचा डबा आला नाही तर बाकीचे आपला अर्धा अर्धा वाढायचे, आणि ज्याचा आला नाही त्याच्या घरी काय झालं असेल याची काळजी सगळ्यांनाच लागायची. पोचायला पाच तास लागले तर पिठलं आंबायचं. तेही खाल्लंय.

आमच्या आधीच्या पिढीची अशीच गाडी बार्शी लाइट होती. अडीच फुटी रुळांची ती रेल्वे 1911 साली लातूरला पोचली आणि कित्येक वर्षं वारकऱ्यांना पंढरपूरला नेत राहिली. रूळ रुंद झाल्यावर लातूरची माणसं थेट मुंबईला जाऊ लागली, आणि म्हाताऱ्यांनी तरीही त्या सावकाश गाडीसाठी हळहळ केली. तेव्हा मला त्यांचं नवल वाटायचं. आता वाटत नाही.

नळीतली गाडी मध्ये थांबत नाही. तिला थांबवणं जड आहे. हवेचा अडथळा काढला म्हणूनच तिला ताशी हजार किलोमीटरचा वेग मिळणार होता. एलॉन मस्क यांनी 2013 साली मांडलेल्या आराखड्यात नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या हजाराव्या भागाइतका होता. प्रत्येक थांब्याला हवाबंद दारं लागणार, आणि थांबून पुन्हा वेग घेण्यात मिळवलेली मिनिटं जाणार. म्हणजे जांब नाही, चाकूर नाही, फाटा तर नाहीच. गाडी ज्या गावांवरून जाईल त्या गावांना ती खांबांवरच्या नळीसारखी दिसेल, आणि आतल्या माणसाला ती गावं दिसणारही नाहीत.

डबा पुरता गेलेला नाही, हेही खरं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं अजून पीठ, डाळ, लोणचं पुण्याला जातं. ड्रायव्हरचा नंबर पोराला कळवला की काम झालं. पण फाट्यावर उभं राहून कुणाच्या तरी हातात देणं गेलं, आणि दुसऱ्याचा डबा आला नाही म्हणून आपला अर्धा काढणंही गेलं.

2020च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या लास व्हेगासजवळ ब्रॅन्सन यांच्या त्याच कंपनीच्या 500 मीटरच्या नळीत पहिल्यांदा माणसं बसली. वेग ताशी 172 किलोमीटर. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत पुण्याचे तनय मांजरेकर होते, आणि आपला माणूस त्या डबीत बसला याचा मला खरोखर अभिमान वाटला. पुढे ती कंपनी प्रवासी सोडून मालवाहतुकीकडे वळली आणि 2023च्या अखेरीस बंद पडली. मुंबई-पुण्याची नळी कागदावरच राहिली. आता मद्रासच्या आयआयटीत 422 मीटरचा चाचणीमार्ग उभा आहे, तिथं विद्यार्थी खपताहेत. त्यांना यश यावं असं मला मनापासून वाटतं. 2025च्या ऑगस्टमध्ये आमच्याच तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळमध्ये पुराचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा वेगानं पोचणारी मदत म्हणजे काय ते आम्ही पाहिलं. वेगाला नावं ठेवायचा हक्क आमच्यासारख्यांना नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे. आधी नांदेड–देगलूर–बिदर रेल्वे होऊ द्या. ती मंजूर होऊन वर्षं लोटली. तिला नरसीला थांबा द्या, मुखेडची माणसं तिथवर येतील. आणि सकाळच्या गाडीला गार्डच्या डब्याशेजारी एक फळी ठेवा, फूटभर रुंद, झाकणावर नाव घातलेले डबे मावतील अशी.