कळशीवरचं नाव

मे महिन्यात साखळीला गेलो, ते घर रिकामं करायला. दत्तमंदिरात दर्शन झालं, बाजारात फेरी झाली, पण खरं काम होतं माळ्यावर. आजी गेल्यापासून तिथली भांडी कुणी खालीच काढली नव्हती. काका म्हणाले, "पितळेला भाव बरा आहे. मोडीत देऊन टाकू." मीही हो म्हटलं. हंडे-घागरी लंडनला कुठे नेणार?

भांडी पुसताना माझ्या मुलीच्या लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येकावर टिंबाटिंबांनी आजोबांचं नाव आणि 'साखळी' घातलंय. एका कळशीवर मात्र निराळंच नाव होतं. कुणा बाईचं, आणि पुढे 'पेडणे'. ही कोण, ते ना काकांना ठाऊक, ना मला.

संध्याकाळी मुलीला जवळच हरवळ्याची लेणी दाखवायला नेलं. जांभ्या दगडात कोरलेल्या खोल्या आणि त्यांत शिवलिंगं. एका लिंगाच्या खांबावर ब्राह्मी अक्षरांत संस्कृत लेख आहे: 'सांबलूरवासी रविः'. लिपीवरून तो सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. नाव आणि गाव, बस्स.

"म्हणजे आपल्या कळशीसारखंच!" मुलगी म्हणाली.

मला त्याहून जुने ठसे आठवले. ब्रिटिश म्युझियममध्ये लाखीश शहराच्या वेढ्याची शिल्पं आम्ही पाहिली होती. यहूदा राज्यातलं हे शहर ॲसिरियाच्या सन्हेरीब राजाने इ.स.पूर्व ७०१ मध्ये जिंकून जाळलं. घरी येऊन त्याबद्दल वाचलं, तेव्हा तिथल्या रांजणांची गोष्ट कळली. एकेका रांजणात सुमारे ४५ लिटर मावत असे. त्यांच्या कानांवर, भट्टीत घालण्याआधी, ओल्या मातीत शिक्का दाबलेला. मध्ये चार पंखांचा भुंगा किंवा पंख असलेलं सूर्यबिंब, वर 'राजाचे' अशा अर्थाची अक्षरं आणि खाली बहुधा हेब्रोन, सोको, झीफ, ममशत यांपैकी एक नाव. यहूदा राज्याच्या मुलखात असे दोन हजारांहून अधिक ठसे मिळालेत.

नावं चार, पण मातीची तपासणी केल्यावर रांजण एकाच भागात घडवलेले निघाले. मग ठशातलं गाव कशासाठी? माल सैन्याच्या शिध्याचा की राजाच्या मळ्यांतला, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

ठसा कुठल्या काळातला, यावरही बराच वाद होता. १९७०च्या दशकात डेव्हिड उसिश्किन यांनी लाखीशला पुन्हा उत्खनन सुरू केलं. शिक्क्यांचे रांजण ज्या जळक्या थरात होते, तो ७०१च्या आगीचाच, हे त्यातून पक्कं झालं. म्हणजे हे रांजण हिज्किया राजाच्या काळातले. तोच कान जुन्या बाजारात विकायला आला असता, तर अक्षरं तीच राहिली असती, पण थर सांगणारं कुणी नसतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, नोंद उरते आणि तिचा संदर्भ पुसला जातो.

आमच्या कळशीचं तेच होणार होतं. रात्री डिचोलीला आत्याआजीला फोन लावला. नाव ऐकताच ती म्हणाली, "अरे, ते वहिनीचं माहेरचं नाव! लग्नात तिच्या वडिलांनी दिलेली कळशी ती. इथे आल्यावर नाव बदललं ना तिचं."

मी गप्पच झालो. आजीच्या सगळ्या कागदांवर सासरचंच नाव. जन्मापासून लग्नापर्यंत ज्या नावाने तिला हाक मारली, ते आमच्या घरात फक्त या कळशीवर होतं.

बाकीची बरीच भांडी मोडीत गेली. देण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढला, नाव लिहून घेतलं, आत्याआजीने सांगितलेली हकिगत खाली टिपली. कळशी मात्र आमच्याबरोबर विमानातून आली. मुलीने ती आपल्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवलीय.

सुट्टीत गावी जाल, तेव्हा भांड्यांच्या काठाखाली एकदा बघा. आणि सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या.