एक चाक, पण कोणते?

आठवीतल्या मुलीने ईदीचे पैसे कशासाठी साठवले असतील? घड्याळ, मोबाइल, फार तर कानातले, असे आम्हाला वाटत होते. आमच्या लेकीने सांगितले, "एकचाकी सायकल. आणि साधी नको, उड्या मारायची पाहिजे."

साधी एकचाकी तिला येत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मामूंकडे गेली, तेव्हा मामेभावाची सायकल घेऊन रोज सकाळी गच्चीच्या कठड्याला धरून सराव करायची. तीन आठवड्यांत कठडा सुटला. मग मामेभावाने तिला ट्रायल्सचे व्हिडिओ दाखवले. ट्रायल्स म्हणजे एकाच चाकावर उड्या मारत पायऱ्या, ओंडके, दगड, लाकडी चौकटी यांवर चढायचे आणि उतरायचे. पाय जमिनीला टेकला की डाव गेला. एकचाकीवाल्यांचे जागतिक संमेलन 'युनिकॉन' १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. तिथे धावण्याच्या शर्यतींबरोबर आता याच्याही स्पर्धा होतात.

घरात पहिली हरकत दादींनी घेतली. "छोरी को सर्कस में डालते क्या?" एवढेच बोलून त्या अडकित्त्याने सुपारी कातरू लागल्या.

सर्कस हा शब्द आपल्याकडे टोमण्यासारखा वापरतात. पण हिंदुस्थानी सर्कस याच मातीतली आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे वाघसिंहांचे रिंगमास्टर म्हणून थेट अमेरिकेत पोहोचले. आमच्या लहानपणी गावोगाव सात दिवस सात रात्री सायकलवरून न उतरणारा माणूस यायचा. चौकात रिंगण आखलेले, वर दिव्यांच्या माळा, कर्ण्यावर गाणी. तो सायकलवरच जेवायचा, सायकलवरच अंघोळ करायचा. आम्ही शाळेतून सुटलो की दप्तरासकट तिथे. आणि जपानात तर एकचाकी सर्कशीची राहिलेलीच नाही. तिथे प्राथमिक शाळेच्या मैदानावर त्या ओळीने लावलेल्या असतात आणि मुलांइतक्याच मुलीही चालवतात. हे दादींना सांगितले. त्या म्हणाल्या, "जपान का जपान में. ये राजूर है."

राजूर म्हणजे भोकरदन तालुक्यातले देवस्थानाचे गाव. चतुर्थीला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, एरवी सगळे एकमेकांना ओळखतात. मुलगी काय करते हे संध्याकाळपर्यंत बाजारात पोहोचते. आम्ही दोघेही शिकवतो, म्हणून एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्यामुळे शाळेत येणे-जाणे सुटते. पण त्याच वयात मुलींचे खेळणे मात्र बंद होते. सहावीपर्यंत लंगडी, खो-खो खेळणारी मुलगी आठवीत भिंतीला टेकून उभी राहते. तिला कोणी 'खेळू नको' म्हटलेले नसते. खेळायला काही उरत नाही, एवढेच. म्हणून लेकीची मागणी थट्टेवारी न्यायची नाही असे आम्ही ठरवले. पण पैसा कष्टाचा आहे. आम्ही तिला वही दिली आणि सांगितले, कोणती घ्यायची, का घ्यायची आणि मोडली तर राजूरात कोण दुरुस्त करणार, हे लिहून आण.

पंधरा दिवसांत तिने वही भरली. डाव्या पानावर उर्दूत प्रश्न, उजव्या पानावर मापे. ती वही घेऊन आम्ही आमच्या मिस्त्री चाचांकडे गेलो. चाळीस वर्षे ते सायकलींचे आऊट काढतात. मामेभावाची एकचाकी मामूंनी एसटीने पाठवली होती, ती त्यांनी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "सर, गद्दी का रंग मत देखो. पहले चक्का देखो." पुढचे सगळे याच एका वाक्याचे विवरण आहे.

एकचाकीला साखळी नाही, फ्रीव्हील नाही, ब्रेक नाही. क्रँक थेट हबच्या अक्षावर बसतात. पाय फिरला की चाक फिरते, पाय थांबला की चाक थांबते. फ्रेम म्हणजे आपल्या सायकलचा पुढचा चिमटाच, वर गद्दी लावलेला. साधी एकचाकी चालवताना या सगळ्यावर स्वाराचे वजन येते. ट्रायल्समध्ये दीड-दोन फुटांवरून उतरताना त्याचा दणका येतो, आणि तो पायडलवरून क्रँकवर, क्रँकवरून अक्षाच्या टोकावर बसतो. मोडायचे असेल तर तिथेच मोडते.

म्हणून पहिला प्रश्न अक्षाच्या टोकाचा. स्वस्त शिकाऊ एकचाकीत हे टोक चौकोनी असते आणि क्रँकचे चौकोनी भोक त्यावर दाबून बसवतात. शिकायला ते पुरते. उड्या सुरू झाल्या की भोकाचे कोपरे गोल होतात, क्रँक ढिला पडतो आणि कितीही आवळला तरी राहत नाही. चाचांना हे सांगावे लागले नाही. जुन्या काळ्या सायकलींच्या कॉटर पिना बदलण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. ट्रायल्सच्या हबला टोकावर दातेरी खाचा असतात. 'आयसिस' नावाच्या प्रकारात त्या १० असतात. दणका चार कोपऱ्यांऐवजी दहा खाचांत वाटला जातो. खाचांच्या हबला खाचांचाच क्रँक लागतो; चौकोनी क्रँक तिथे बसत नाही.

दुसरा प्रश्न बेअरिंगचा. चौकोनी टोकाच्या हबला बहुधा ४० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे बेअरिंग असते. ते ६२०३ नंबरचे, मोटारींत आणि वॉशिंग मशीनमध्ये लागणारे, जालन्यात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळणारे. खाचांच्या हबचे बेअरिंग ४२ मिलिमीटरचे आणि आतला व्यासही वेगळा; ते आपल्याकडे सहज मिळत नाही. फ्रेमची खालची पकड त्या-त्या मापाचीच असते. म्हणजे ४० च्या फ्रेममध्ये ४२ चे चाक बसवता येत नाही.

तिसरा प्रश्न टायरचा, आणि फसगत होते ती इथेच. शिकाऊ एकचाकी २० इंची म्हणतात आणि ट्रायल्सची १९ इंची. शेजारी उभ्या केल्या तर उंची जवळपास सारखी, कारण ट्रायल्सचा टायर अडीच इंच जाड असतो. पण टायर रिमवर जिथे बसतो तो व्यास २० इंचीचा ४०६ मिलिमीटर असतो आणि ट्रायल्सचा ३८७. हे आकडे टायरच्या कडेवर छापलेले असतात. ४०६ चा टायर मुलांच्या सायकलींमुळे तालुक्याच्या गावीही मिळतो. ३८७ चा टायर आमच्या भागातल्या सायकल दुकानात मिळत नाही. मग तो हवाच कशाला? जाड टायरमध्ये हवा कमी ठेवतात. तोच स्प्रिंगचे काम करतो, उडी घ्यायला मदत करतो आणि उतरताना रिम वाचवतो. बारीक टायरमध्ये हवा कमी केली तर पहिल्याच पायरीवर रिम आपटते. ट्यूबची मात्र चिंता नाही. रबर ताणते, २० इंचाची रुंद ट्यूब चालून जाते.

लेकीने वहीत एका पानावर लिहिले होते: हब, क्रँक, बेअरिंग, फ्रेम, रिम हे घरचे लोक. गद्दी, गद्दीचा दांडा, पायडल हे पाहुणे. पाहुणे बदलता येतात. यावरून हिशेब सोपा झाला. आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, स्वस्त २० इंची घ्यायची आणि हळूहळू भाग बदलायचे. तिने बेरीज करून दाखवली: हब बदलला की क्रँक बदलतो, बेअरिंग बदलते, म्हणून फ्रेम बदलते, टायरसाठी रिम बदलते, तारा नव्याने ओवाव्या लागतात. शेवटी जुन्यातली फक्त गद्दी उरते. दुसरी वाट नामांकित महागडी सायकल घ्यायची. कॅनडाच्या क्रिस होल्म यांनी डोंगरातल्या एकचाकीचा खेळ जगभर नेला. त्यांच्या नावाच्या सायकली याच वर्गातल्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्याच वर्षी ती नको, यावर घरात एकमत झाले. तिसरी वाट सुरुवातीच्या दर्जाची ट्रायल्स एकचाकी: खाचांचा हब, ३८७ ची रिम, पण फ्रेम साध्या पोलादाची, गद्दी साधी, पायडल प्लास्टिकचे. वजन थोडे जास्त. आम्ही ही घेतली. पोलादाच्या फ्रेमला तडा गेला तर वेल्डिंग होते, आणि जालना तर लोखंडाचे शहर. तिथे वेल्डर शोधावा लागत नाही.

मागवण्याआधी विकणाऱ्याला पाच गोष्टी विचारल्या: रिमचा व्यास, अक्षाच्या टोकाचा प्रकार, बेअरिंगचा बाहेरचा व्यास, क्रँकची लांबी आणि दांड्याची जाडी. एकाने उत्तर दिले, "सब स्टँडर्ड साइज है." त्याला आम्ही सलाम केला. दुसऱ्याने पाचही आकडे दिले, त्याच्याकडून घेतली. क्रँक १३७ मिलिमीटरचे. शिकाऊ सायकलला बहुतेक १२५ च्या आसपास असतात. उडीसाठी थोडे लांब बरे, पायाला तरफेचा जोर मिळतो. दांडा २५.४, २७.२ अशा वेगवेगळ्या जाडीचा येतो, म्हणून पुढे बदलायचा झाला तर तोही आकडा वहीत हवा. सायकलबरोबर एक टायर आणि बेअरिंगची एक जोडी जास्तीची मागवली. तिची ईदी निम्म्याला पुरली. उरलेले आम्ही घातले आणि त्या वर्षी घराला रंग दिला नाही.

खोके आल्यावर जोडणी चाचांनी केली, पान्हा लेकीच्या हातात होता. पायडलची आटी नेहमीच्या सायकलचीच, ९/१६ इंचाची. डाव्या पायडलची आटी उलटी असते, म्हणून क्रँकवरचे एल आणि आर पाहूनच लावायचे. एकचाकीत मागचे-पुढचे चटकन कळत नाही; डावीकडचा क्रँक उजवीकडे आला तर चालवता चालवता पायडल सुटत जाते आणि आटी खराब होते. दांडा तिच्या उंचीला मोठा होता. शिकताना गद्दी उंच ठेवतात, पाय जवळजवळ सरळ व्हावा इतकी. उड्यांसाठी ती खाली हवी, गुडघे वाकायला जागा लागते. चाचांनी हॅक्सॉने दांडा कापला, फ्रेमच्या आत किती राहायला हवा ते आधी खुणेने ठरवून. पहिल्या आठवड्यात क्रँकचे बोल्ट दोनदा आवळले. नवी सायकल बसते, तसे ते सैल होतातच.

कपड्यांचा प्रश्न दादींनीच सोडवला. साखळी नसली तरी सलवारचा घेर क्रँकमध्ये जातो. त्यांनी जुन्या सलवारीचे पायचे अरुंद करून खाली इलॅस्टिक घातले. ओढणी नाही, स्कार्फची टोके आत खोचून वर हेल्मेट. मनगटाला पट्टे, नडगीला फुटबॉलचे पॅड. पायडल निसटले की पहिला मार नडगीलाच बसतो. ही कामे करताना दादींनी एक प्रश्न विचारला, "ये गाडी लेके जाती कहाँ?" कुठेच नाही, असे आम्ही सांगितले. ही गाडी अंगणातच उड्या मारते. त्या निश्चिंत झाल्या. आम्हाला मात्र ते उत्तर थोडे टोचले. मुलीच्या वाट्याला येणारी प्रत्येक परवानगी ती कुठे जाणार नाही या अटीवर का मिळावी? शाळेची सायकल तिची तिच्याकडे आहे आणि बारावीपर्यंत राहील, हे आम्ही त्याच रात्री दादींसमोर स्पष्ट केले. कॉलेजला जालन्याला जायची वेळ येईल, तेव्हाही हीच भाषा राहील, इन्शाअल्लाह.

आता सहा महिने झाले. पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला अशी धरते की चाक फिरेना. तेव्हा ओसरीच्या फरशीवर सराव. खताच्या दुकानातून एक लाकडी पॅलेट आणले आहे, उंची वीतभर. जागेवर पन्नास उड्या आधी, मग पॅलेट. त्यावर ती चढते. एकावर एक दोन ठेवली तर अजून पडते. चाक एकदा आऊट झाले, चाचांनी तासाभरात सरळ केले. तिच्या वर्गातल्या दोघी शुक्रवारी संध्याकाळी येतात आणि मामेभावाच्या जुन्या एकचाकीवर भिंतीला धरून शिकतात. एकीच्या अब्बांनी परवा आम्हाला वाटेत थांबवून विचारले, "सर, इसका फायदा क्या?" मुलगी रोज पडते, स्वतः उठते आणि पान्हा कुठे लावायचा हे तिला कळते, एवढा फायदा आम्हाला दिसला, तो सांगितला.

कुठल्या घरात अशी मागणी आली, मग ती एकचाकीची असो वा आणखी कशाची, तर आधी मुलीच्या हाती वही द्यावी. खर्च झेपत नसेल तर तसे सांगावे. मुलांना ते समजते. मापे जुळत नसतील तर थांबावे. पण ती मुलगी आहे, हे नकाराचे कारण त्या वहीच्या कुठल्याच पानावर लिहिता येत नाही.