अम्मीचा फोन

पेण-रोह्याकडच्या आमच्या मोहल्ल्यांत अनेक घरांत नवा फोन आखातातल्या मुलाकडे आणि त्याचा जुना अम्मीकडे असतो. २४ ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपला किमान अँड्रॉइड ५ लागू लागलं. त्यामागचं कारण पटतं. जुन्या अँड्रॉइडला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत आणि त्याच्यासाठी कोड सांभाळताना नवं काम अडतं. तरी आधार कधी काढायचा, हे नुसत्या टक्क्यांवरून ठरवू नये. मागे उरलेले थोडे लोक कोण आहेत, तेही पाहावं. अम्मीचा फोन बदलतो तो मुलगा सुट्टीवर आला की. म्हणून मुदत निदान वर्षभराची हवी, आणि सूचना तिला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत किंवा उर्दूत हवी. वाचता येत नसेल, तर आवाजात.