पश्चिमेकडची सकाळ

२ फेब्रुवारी २०२५, धुळे. वसंत पंचमी.

देवपुरातल्या एका बालरुग्णालयाच्या प्रतीक्षालयात मोठा फोटो लावायचा आहे. डॉक्टरांना समुद्र हवा आणि सूर्योदयच हवा. "तापानं फणफणलेलं पोर घेऊन आलेल्या आईला मावळती कशाला दाखवायची?" म्हणाले. पटलं.

पटलं खरं, पण आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो सह्याद्रीच्या अंगाने, समुद्र बघत उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीमागून. रोज सकाळी मोबाईलवर येणाऱ्या 'सुप्रभात'मधले निम्मे कोकणी समुद्र संध्याकाळचे असतात आणि ते कुणाला खटकत नाही. माझ्याकडेही मुरूडच्या मावळतीचे चांगले फोटो आहेत. त्यातला एक सूर्योदय म्हणून दिला असता तर धुळ्यात कुणी जाब विचारायला आलं नसतं.

दुसरा मार्ग पुरी किंवा कन्याकुमारीचा. त्यात माझे पैसे सुटणार नाहीत.

३ फेब्रुवारी, धुळे

भिंत मोजून आलो. सहा बाय चार फूट मागितलंय. बाकांच्या मागे भिंतीवर तेलाच्या डागांची रांगच आहे; माणसं डोकं टेकून बसतात. ते डाग जमिनीपासून चार फुटांपर्यंत. म्हणजे चौकटीची खालची कड साडेचार फुटांवर घ्यायला हवी, नाहीतर वर्षभरात समुद्राला खोबरेल लागेल. बाकांपासून समोरची भिंत दहा-अकरा फुटांवर. पण औषधांच्या खिडकीची रांग फोटोच्याच भिंतीला लागून जाते, त्यामुळे काही लोक हा फोटो दोन फुटांवरून बघणार. फाइल या दोन फुटांच्या हिशेबाने करायची, अकरा फुटांच्या नाही.

साधारण चांगल्या नजरेला काय दिसतं याचं ढोबळ गणित असं: ३४४० ला इंचातल्या अंतराने भागायचं, येतील तेवढे पिक्सेल दर इंचाला पुरतात. अकरा फुटांवर २६ पुरे. दोन फुटांवर मात्र १४३ लागतात. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४०००. सहा फुटांवर ते पसरले की इंचाला ८३ उरतात.

फ्लेक्सवाला म्हणाला, तासाभरात देतो. त्याच्या मशीनवर एका भावी नगरसेवकाचा हसरा चेहरा हळूहळू बाहेर सरकत होता. त्याला दोष नाही. फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघायचा असतो. पण त्या चकचकीत प्लॅस्टिकवर ट्यूबलाइटची रेघ उमटते, आणि फिकट आकाशाचे तर ठिपकेच होतात.

६ फेब्रुवारी, धुळे

बोर्डीला जायचं ठरलं. डहाणूच्या उत्तरेला, गुजरातच्या हद्दीजवळ. मालेगाव, नाशिक, त्र्यंबक, जव्हार असा रस्ता. किनारा सपाट, रुंद, पाठीशी सुरूची झाडं. खंभातच्या आखाताकडे सरकावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, भावनगरला तर तो दहा मीटरपर्यंत जातो. त्यामुळे बोर्डीला उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर आत जातं आणि मागे ओली वाळू उघडी पडते. मला ती वाळू हवी आहे.

वेळ काढायला ॲप लागत नाही. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करतात: अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, पण तिकडे सरळ बारा धरतात, आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी. म्हणजे पौर्णिमेच्या सकाळी पाणी सगळ्यात लांब आणि नेमकी तीच उजाडायची वेळ. बोर्डीला मुंबईपेक्षा थोडा उशीर धरायचा.

माघी पौर्णिमा १२ तारखेला आहे.

१२ फेब्रुवारी, बोर्डी

पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर. थंडी आहे, पण धुळ्यासारखी हाडात शिरणारी नाही. अंधारात टॉर्चच्या उजेडात चालत गेलो तरी पाणी येईना. ट्रायपॉडचे पाय वाळूत जोर देऊन आधीच रुतवून ठेवले. तसं न केल्यास लांब एक्स्पोजर चालू असताना ते हळूच खाली बसतात आणि क्षितिज दुहेरी उमटतं.

आज चंद्र घाईत होता. पौर्णिमा संध्याकाळी पूर्ण होणार, म्हणून सकाळी तो सूर्य वर यायच्या आधीच धुक्याच्या थरात विरला. त्याचा फोटो नाही. पण त्यानंतर जे आकाश झालं त्यासाठीच मी आलो होतो.

सूर्य उगवायला पंधरा-वीस मिनिटं असताना पश्चिमेला, थेट समुद्राच्या रेषेवर, निळसर राखाडी पट्टा दिसतो आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी. खालचा राखाडी पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. वरचा गुलाबी म्हणजे पाठीमागून, अजून क्षितिजाखाली असलेल्या सूर्याचा लाल उजेड, हवेच्या लांबलचक थरातून गाळून आलेला. सूर्य जसा वर सरकतो तशी सावली समुद्रात उतरत जाते, आणि तो उगवला की संपते. चंद्रग्रहणात चंद्रावर पडते तीच ही सावली. खुद्द धुळ्यात गच्चीवरूनही ती दिसते, फक्त देवपुरात पश्चिमेला पाण्याच्या टाक्या आड येतात.

किनाऱ्यावर फिरायला आलेले सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे होते. एकाने मला विचारलंही, "भाई, सूर्य तिकडे हाय, तुम्ही इकडे काय काढता?"

१३ फेब्रुवारी, बोर्डी

आज सगळं जुळलं. चंद्र पौर्णिमा ओलांडून गेलेला, त्यामुळे सूर्योदयाला तो अजून पाण्याच्या वर होता, फिकट, गुलाबी पट्ट्याच्या वरच्या कडेला. सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. त्याआधीची दहा मिनिटं कामाची.

लाटा दूर होत्या. पायाशी वाळूवर बोटभर पाणी, हलत नव्हतं. त्यात आकाश जसंच्या तसं. म्हणून एका फोटोवर न थांबता कॅमेरा उभा केला आणि डावीकडून उजवीकडे तीन फोटो घेतले, प्रत्येक फोटो आधीच्यावर तृतीयांश चढवून. हलत्या लाटांचे असे तुकडे जोडायला गेलं की एकाच लाटेला दोन माथे येतात. उभं पाणी बिनबोभाट जुळतं. ओहोटी पाहिजे होती ती याचसाठी, वाळूच्या शोभेसाठी नाही.

एफ ११, आयएसओ १००, फोकस हाताने. छिद्र याहून बारीक करण्यात अर्थ नाही. एफ १६ ला खोली थोडी वाढते, पण प्रकाश कडेने वळायला लागतो आणि सगळंच किंचित मऊ होतं. मोबाईलवर ते कळत नाही, मोठ्या छपाईत कळतं. काळी काच लावून समुद्राचं दूध करायची फॅशन आहे, ती मला आवडत नाही. दोन मिनिटांचं एक्स्पोजर दिलं की अरबी समुद्र काय आणि आमचा डेडरगावचा तलाव काय, सारखेच.

सात वीसला मागच्या सुरूंच्या शेंड्यांवर ऊन आलं. पूर्वेला बारडचा डोंगर काळा उभा. संजाण गाव शत्रूच्या हाती पडल्यावर पारशी लोकांनी आपला पवित्र अग्नी घेऊन याच डोंगरातल्या बाहरोटच्या गुहांत बारा वर्षं काढली, असं त्यांची परंपरा सांगते. वर जायचा मोह झाला. पण ट्रायपॉडच्या सांध्यांत खारं पाणी गेलं होतं. ते लॉजवर बादलीभर गोड्या पाण्यात धुतलं, नाहीतर महिन्याभरात पायांचे खटके गंजून बसले असते. घोलवडचे चिकू घेतले आणि निघालो.

१७ फेब्रुवारी, धुळे

तीन फोटो जोडले. वाकलेल्या कडा छाटून ८७०० बाय ५८०० उरले.

नाशिकच्या प्रिंटरशी बोललो. त्यांचा कॅनव्हासचा रोल ४४ इंची. सहा बाय चार म्हणजे ४८ इंच उंची, ती बसत नाही. शिवाय कॅनव्हास लाकडी चौकटीवर मागे दुमडायला चारी बाजूंनी दोन-दोन इंच लागतात. म्हणून ६० बाय ४० इंच. डॉक्टरांना फोन केला. "एक फूट कमी झालं की हो." झालं. पण ८७०० भागिले ६० म्हणजे १४५. दोन फुटांवरच्या माणसाला लागणारे १४३ त्यात बसले. एकही पिक्सेल सॉफ्टवेअरकडून उधार घ्यावा लागला नाही.

२१ फेब्रुवारी, धुळे

फाइलवर बसलोय. असं आकाश छापायला सगळ्यात वाईट. डोंगर, बोटी, गर्दी असली की त्यात दोष लपतात. इथे राखाडीचा गुलाबी होतो तो छापील पंधरा इंचांत, आणि रंगातला फरक एवढा थोडा की साध्या ८ बिटच्या जेपेगमध्ये त्याच्या जेमतेम पंचवीस पायऱ्या पडतात. पंधरा इंचांना पंचवीस पायऱ्या, म्हणजे दर अर्ध्या इंचापेक्षा जरा जास्तीला एक रेघ. लहान स्क्रीनवर त्या मिटून जातात. कॅनव्हासवर आकाशाला गोधडीसारखे पट्टे येतात.

म्हणून काढतानाच रॉ फाइल, १४ बिटची, प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या. पुढचं सगळं काम १६ बिटमध्ये. शेवटी आकाशावर अगदी बारीक दाणा पेरायचा, डोळ्याला न जाणवणारा. पायरीची कड त्यात फुटून जाते. लोक सगळा दाणा पुसून आकाश गुळगुळीत करतात आणि मग पट्टे कुठून आले म्हणून विचारतात.

मग धूळ. सेन्सरवरचा एखादा कण एफ ११ ला वीसेक पिक्सेलचा डाग टाकतो. छापल्यावर तो साडेतीन मिलिमीटर भरतो, म्हणजे गुलाबी आकाशात माशी. फाइल पूर्ण मोठी करून वरून खाली, चौकट-चौकट पुसत गेलो. दुपार गेली.

मॉनिटर आधीच मंद करून ठेवला होता. दुकानातून आलेला मॉनिटर भडक असतो, त्यावर बरोबर दिसणारा फोटो कागदावर हमखास काळा पडतो. मॉनिटर स्वतः उजळतो. कॅनव्हासला मात्र खोलीत असेल तेवढाच उजेड मिळतो.

२८ फेब्रुवारी, नाशिक

पट्टी छापून घेतली. पूर्ण फोटो लहान करून छापण्यात काही कळत नाही. खऱ्या मापाचाच एक तुकडा, आठ इंच रुंद, क्षितिजापासून चंद्रापर्यंत, त्याच कॅनव्हासवर. पट्टे नाहीत. पण ओल्या वाळूतल्या काळ्या कडा गिळल्या गेल्या आहेत. कॅनव्हासवर काळा रंग कागदाइतका खोल जात नाही. सावल्या किंचित उचलाव्या लागतील.

१ मार्च, धुळे

पट्टी घेऊन रुग्णालयात गेलो आणि भिंतीवर धरली. तिथल्या निळसर ट्यूबखाली गुलाबी मेला. फाइलमध्ये गुलाबी वाढवून ते झाकता आलं असतं, पण मग खिडकीतून दिवसाचा उजेड आला की तोच फोटो आइस्क्रीमच्या जाहिरातीसारखा दिसला असता. डॉक्टरांना म्हटलं, या भिंतीपुरते दोन दिवे बदला, ४००० केल्व्हिनचे लावा. खर्च फोटोच्या मानाने किरकोळ. हो म्हणाले.

डॉक्टरांचे वडील बसले होते तिथे. साक्री तालुक्यातले शेतकरी, अजून सगळं बोलणं अहिराणीत. पट्टी उलटीसुलटी करून पाहिली.

"यामा सूर्य कोठे शे?"

"तो मांगे शे, बाबा. फोटो काढणाराच्या मांगे."

"मंग त्याले समोर लई ये."

डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरवर येतो की टाकता. येतो. ही युक्ती कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. १८५६-५७ मध्ये गुस्ताव ल ग्रे नावाच्या फ्रेंच माणसाने समुद्राचे फोटो काढले आणि त्यातल्या काहींत आकाश एका निगेटिव्हमधलं, पाणी दुसऱ्या. तेव्हाची कोलोडियनची काच निळ्या रंगाला इतकी चटकन भुलायची, की पाणी नीट यावं म्हटलं तर आकाश कोरं पांढरं पडे. शिवाय काच जेवढी तेवढाच छापील फोटो, साधारण १६ बाय १२ इंच. त्याला ते करावंच लागलं. मला ती अडचण नाही. शिवाय पश्चिमेला सूर्य चिकटवला तर ती पुन्हा संध्याकाळच होणार, हे बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

८ मार्च, धुळे

लागला. चार खिळ्यांवर, खालची कड साडेचार फुटांवर. नवे दिवे लागल्यावर राखाडी पट्टा आणि गुलाबी यांच्यात कुठेही रेघ नाही. रांगेतून जवळ जाऊन मुद्दाम पाहिलं.

तासभर बसून राहिलो. फोटोकडे बघणारे थोडेच, बहुतेकांची नजर टोकन नंबरावर. एका बाईने पोराला चंद्र दाखवला. औषधांच्या खिडकीतला मुलगा मात्र ठाम आहे की ही रात्र आहे.

९ मार्च, धुळे

बाबांचा निरोप आला. घरी देवघराशेजारी लावायला एक पाहिजे, समोर सूर्य असलेला, पैसे ते स्वतः देणार.

तो मुंबईत मिळेल. मुंबईची बंदराकडची बाजू पूर्वेला तोंड करून आहे. अपोलो बंदरावरून सूर्य पाण्यापलीकडे वर येतो. ५ एप्रिलला चैत्र शुद्ध अष्टमी, रामनवमीच्या आदल्या दिवशी. पाऊणपटीने भरती सहाला, सूर्योदय साडेसहाच्या थोडा आधी. म्हणजे चिखल न दिसता पाणी कठड्याला लागलेलं असेल. अष्टमी असल्याने उधाण नाही, त्यामुळे उसळी कमी. बोटी मात्र हलणार, तेव्हा तुकडे जोडायचे नाहीत, एकच फोटो. बाबांना २४ बाय १६ इंच पुरेल. ६००० भागिले २४ म्हणजे २५०, भरपूर. रात्रीच्या गाडीचं बुकिंग उद्या बघतो.