कर्णावरून धावणारा प्रकाश

सुरतच्या बमरोलीत यंत्रमागांच्या आसऱ्याने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या नववी-दहावीतल्या मुलांना सापेक्षता शिकवावी का? मला वाटतं, जरूर, पण चित्रातून. समोरासमोरच्या दोन आरशांत वर-खाली धावणारा प्रकाश, हे झालं घड्याळ. ते प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने सरकू लागलं, की आपल्याला प्रकाशाची वाट तिरपी दिसते: पाया ३, उंची ४, कर्ण ५. प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच, म्हणून आपली ५ मिनिटं होतात तेव्हा त्या घड्याळात ४च होतात. पायथागोरसापलीकडचं गणित लागतच नाही.

कुणी म्हणेल, हा कागदावरचा खेळ. पण म्युऑन कण सरासरी २.२ मायक्रोसेकंदच जगतो. तेवढ्यात तो जेमतेम ६६० मीटर जाईल. तरी सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्युऑन जमिनीवर पोचतात, कारण आपल्या हिशेबाने त्यांचं घड्याळ मंद चालतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: चित्र फसवतं. गणितज्ञ मिन्कोव्हस्कीने १९०८ साली मांडलेल्या अवकाश-काल आलेखात कागदावर लांब दिसणारी रेघ प्रत्यक्षात कमी काळाची असू शकते. म्हणून आलेख टाळू नये. आपली पट्टी तिथे का चुकते, हेच शिकवावं. डोळ्यांना दिसलेलं तपासून घेण्याची सवय हीच या धड्याची खरी कमाई.